९६२ अंशांची चांदी प्लास्टिकवर कशी छापतात?

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार बाजारातल्या कुठल्याही गाळ्यावर पोह्यांचं किंवा डाळीचं पाकीट उचलून पाहा. कडेला ठिपक्याठिपक्यांनी लिहिलेली तारीख, बॅच क्रमांक आणि किंमत दिसेल. ही अक्षरं ठशाने उमटवलेली नसतात. पॅकिंगच्या पट्ट्यावरून पाकिटं सरकत असताना बाजूच्या एका सूक्ष्म छिद्रातून शाईचे थेंब उडतात. त्यांना विद्युतभार दिलेला असतो आणि दोन धातूच्या पट्ट्यांमधून जाताना त्या भारामुळेच ते हवे तिकडे वळतात. दर सेकंदाला हजारो थेंब सुटतात. ज्यांची गरज नाही ते पन्हळीत पडून टाकीत परत जातात. यंत्राचा पाकिटाला स्पर्शही होत नाही, म्हणून मऊ, सुरकुतलेल्या, हलत्या पाकिटावरही तारीख उमटते.

आता या शाईत रंगाऐवजी चांदी घालता आली तर? तेच थेंब वीज वाहून नेणारी रेघ आखतील. अशा रेघांपासून अँटेना होईल, तापमान मोजणारा सेन्सर होईल, छोटं सर्किट होईल, आणि तेही कागदावर किंवा पातळ प्लास्टिकवर.

पण इथेच कोडं उभं राहतं. चांदी वितळते ९६२ अंश सेल्सिअसला. पाकिटाचं प्लास्टिक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नुसतं नेलं तरी आकसतं. चांदीची भुकटी शाईत कालवून रेघ ओढली, तर कण शेजारी शेजारी पडून राहतात; वीज धड पुढे जात नाही. ती जायची तर कण एकमेकांत मिसळून सलग धातू व्हायला हवा, आणि खालचं प्लास्टिक शाबूत राहायला हवं. या दोन अटी एकत्र पाळणं अशक्य वाटतं. तरीही अशा रेघा छापल्या जातात, दीडशे अंशांच्या आसपास आणि काही वेळा तर खोलीच्या तापमानालाच. हे कसं जमतं, ते पायरीपायरीने पाहू.

## आधी सगळीकडे, मग बहुतेक काढून टाकायचं

टीव्ही, मोबाइल, घरातला वायफाय राउटर, कशाचंही झाकण उघडलं की आत हिरवी पाटी दिसते. तो सर्किट बोर्ड. तो बनवताना काचतंतूंच्या पाटीवर आधी तांब्याचा पातळ पत्रा सगळीकडे चिकटवतात. ज्या वाटांवरून वीज न्यायची तेवढ्याच संरक्षक थराने झाकतात आणि पाटी रसायनात बुडवतात. झाकलेलं तांबं राहतं, उघडं विरघळतं. या रीतीला एचिंग म्हणतात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी फेरिक क्लोराइडच्या तपकिरी द्रावणात हेच करतात. रीत भरवशाची आहे, पण पाटीवर लावलेल्या तांब्यातला मोठा भाग धुऊन टाकावा लागतो आणि धातू मिसळलेलं ते पाणी शुद्ध करण्याची जबाबदारी मागे उरते.

दुसरी रीत जाळीतून छापण्याची, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगची. चांदीची घट्ट पेस्ट जाळीच्या मोकळ्या जागांतून खाली दाबतात. मोटारीच्या मागच्या काचेवर दव घालवण्यासाठी आडव्या तपकिरी रेघा असतात, त्या अशाच छापून भट्टीत भाजलेल्या चांदीच्या आहेत. सौर पॅनेलवरच्या बारीक रुपेरी रेघाही याच घराण्यातल्या. इथे धातू वाया जात नाही, पण प्रत्येक नव्या नमुन्यासाठी नवी जाळी तयार करावी लागते.

तिसरी रीत इंकजेटची. नमुना संगणकात असतो आणि थेंब जिथे हवा तिथेच पडतो. ना जाळी, ना धुऊन काढायचा धातू. सकाळी एक आकृती छापली, दुपारी तिच्यात बदल केला, संध्याकाळी नवी छापली, हे फक्त याच रीतीत शक्य आहे. मात्र त्यासाठी धातू पातळ शाईसारखा वाहायला हवा, आणि कागदावर पडल्यावर पुन्हा धातूसारखा वागायला हवा.

## चांदीच का?

सगळ्या धातूंत वीज सर्वांत सहज वाहून नेते ती चांदी. तांबं तिच्या अगदी मागोमाग आहे. विजेला होणारा दोघांचा विरोध पाहिला तर पाच-सहा टक्क्यांचाच फरक. सोनं तिसरं. तांबं चांदीपेक्षा कितीतरी स्वस्त असताना त्याचीच शाई का करत नाहीत? करतात, पण तांब्याचा कण जितका लहान, तितका तो हवेतल्या ऑक्सिजनला लवकर बळी पडतो. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर बसतो आणि तो थर वीज अडवतो. चांदीही काळी पडते, पण ती मुख्यतः हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, आणि सावकाश. साध्या हवेत छापून, साध्या ओव्हनमध्ये भाजून चांदीची रेघ चालू होते. सोन्याला हवेचा त्रास नाही, पण त्याची किंमत या कामाला परवडत नाही. म्हणून या क्षेत्रातली बरीचशी शाई आज चांदीची आहे, आणि तांब्याची शाई टिकाऊ कशी करावी यावर नेटाने संशोधन चालू आहे.

## कण लहान झाला की धातूचं वागणं बदलतं

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. शाईतले चांदीचे कण साधारण २० ते ५० नॅनोमीटर आकाराचे असतात. २० नॅनोमीटरच्या एका कणात अडीच लाखांच्या आसपास अणू मावतात.

धातूच्या आतला अणू सगळ्या बाजूंनी शेजाऱ्यांनी धरून ठेवलेला असतो. पृष्ठभागावरच्या अणूची एक बाजू मोकळी असते, त्यामुळे तो सैल असतो आणि थोड्या उष्णतेनेही जागा सोडू शकतो. चांदीच्या एक मिलिमीटरच्या दाण्यात असे पृष्ठभागावरचे अणू दहा लाखांत एक-दोनच असतात. २० नॅनोमीटरच्या कणात ते शंभरात सात-आठ होतात. तीन नॅनोमीटरच्या कणात जवळपास निम्मे अणू पृष्ठभागावर येतात. म्हणजे कण जसा लहान होत जातो, तसं सैल अणूंचं प्रमाण वाढत जातं.

याचा परिणाम प्रयोगात दिसला तो १९५४ मध्ये. जपानी संशोधक मिएको ताकागी यांनी शिसं, कथील आणि बिस्मथ यांचे अतिशय पातळ थर तापवून पाहिले, तेव्हा ते धातू आपल्या नेहमीच्या वितळणबिंदूच्या खालीच वितळले. पुढे १९७६ मध्ये बुफा आणि बोरेल यांनी सोन्याच्या कणांवर सविस्तर मोजमाप केलं. सोनं एरवी १०६४ अंशांना वितळतं. दोन-तीन नॅनोमीटरचे कण त्याच्या काही शे अंश खालीच वितळत होते.

इथे एक गैरसमज सहज होतो. शाईतली चांदी लहान आहे म्हणून दीडशे अंशांना वितळते, असं अनेकदा सांगितलं जातं. २० ते ५० नॅनोमीटरच्या कणांचा वितळणबिंदू प्रत्यक्षात थोडाच खाली येतो. दीडशे अंशांना हे कण वितळत नाहीत. तिथे वेगळीच गोष्ट घडते.

ती समजायला गूळ उपयोगी पडेल. पावसाळ्यात गुळाच्या पावडरीचा डबा काही दिवस तसाच राहिला, तर सुटे दाणे एकमेकांना धरून त्याचं ढेकूळ होतं. गूळ वितळलेला नसतो. दोन दाणे जिथे टेकतात तिथला पृष्ठभाग हलतो आणि दोघांमध्ये एक बारीक पूल तयार होतो. पूल हळूहळू जाड होतो, मधली पोकळी कमी होते आणि भुकटीची गाठ बनते. चांदीच्या कणांचंही असंच होतं. गुळात ही हालचाल दमटपणा घडवतो. चांदीत थोडीशी उष्णता पृष्ठभागावरचे सैल अणू हलवते. ते दोन कणांच्या सांध्याकडे सरकतात, तिथे मानेसारखा जोड तयार होतो, तो रुंदावतो आणि सुट्या कणांची सलग रेघ होते. न वितळवता कण असे जोडण्याच्या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. मातीचं भांडं भट्टीत पक्कं होतं तेही काही अंशी सिंटरिंगनेच. फरक एवढाच, की नॅनोकणांत हे फार कमी तापमानाला घडतं.

## कणाभोवतीचं आवरण

पण कण एकमेकांना धरायला इतके उत्सुक असतील, तर ते बाटलीतच एकत्र येऊन गाठी का होत नाहीत? होतात. उघडे ठेवले तर फार लवकर होतात. म्हणून कण तयार होतानाच त्याच्यावर आवरण चढवावं लागतं.

नेहमीची कृती अशी. सिल्व्हर नायट्रेट या क्षारात चांदी विद्युतभारित अणूंच्या, म्हणजे आयनांच्या, रूपात असते. त्या द्रावणात आयनांना इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ घातला की आयनांचे साधे चांदीचे अणू होतात आणि ते एकत्र येऊन कण वाढू लागतो. त्याच वेळी पीव्हीपीसारखा बहुवारिक, म्हणजे लांब साखळीचा रेणू, द्रावणात असेल तर तो कणाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो. कणाची वाढ रोखली जाते आणि दोन कण जवळ आले तरी त्यांच्या साखळ्या मध्ये आडव्या येतात. सुटे नॅनोकण असलेलं चांदीचं पातळ द्रावण रुपेरी दिसत नाही, ते पिवळं दिसतं. प्रकाशाच्या लाटेबरोबर कणातले इलेक्ट्रॉन डोलतात आणि निळ्या-जांभळ्या बाजूचा प्रकाश टिपून घेतात, हे त्यामागचं कारण.

पुण्यात या विषयाला एक वेगळीच वाट मिळाली. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री आणि अब्सार अहमद यांच्या गटाने रसायनांऐवजी बुरशीकडून कण करवून घेतले. २००३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कामात फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी वापरली होती. शेतकऱ्यांना ही जात चांगली माहीत आहे. हरभरा, टोमॅटो, केळी यांवर मर रोग आणणाऱ्या बुरशा याच जातीतल्या. चांदीच्या आयनांचं द्रावण या बुरशीच्या सान्निध्यात ठेवलं, तेव्हा बुरशीने बाहेर सोडलेल्या द्रव्यांनी द्रावणातच ५ ते १५ नॅनोमीटरचे चांदीचे कण घडवले, आणि तिच्याच प्रथिनांनी त्या कणांवर आवरण चढवलं. पुढच्याच वर्षी याच प्रयोगशाळेतून गवती चहाच्या जातीतल्या गवताच्या अर्काने सोन्याचे चपटे, त्रिकोणी नॅनोकण बनवल्याचं काम प्रसिद्ध झालं. नॅनोकण बनवायला जहाल रसायनंच लागतात असं नाही, हे जगाला पटवण्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

बुरशीने घडवलेले हे कण थेट शाईत का घालत नाहीत, हा प्रश्न इथे पडायला हवा, कारण त्याच्या उत्तरात या तंत्राचं मर्म आहे. आवरण जितकं घट्ट, तितकी शाई बाटलीत टिकाऊ. पण रेघ छापून झाल्यावर तेच आवरण कणांच्या मध्ये भिंत होऊन बसतं आणि वीज अडवतं. प्रथिनांचं मजबूत आवरण कण सुटे ठेवायला उत्तम. वीज वाहण्याच्या कामी तेच आड येतं. शाई बनवणाऱ्याला असं आवरण हवं असतं, जे बाटलीत महिनोन्महिने बसून राहील, छिद्रातून जाताना टिकेल आणि रेघ झाल्यावर थोडक्या उष्णतेने निघून जाईल. छपाईच्या यंत्राची तारीफ पुष्कळ होते, पण बाजी जिंकली किंवा हरली जाते ती या आवरणावर.

## शाई किती पातळ, छिद्र किती बारीक

चांगल्या शाईत वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत चांदी असते. चांदी पाण्याच्या साडेदहापट जड. तरी कण तळाशी बसत नाहीत, कारण इतक्या लहान कणांना द्रवाचे रेणू सतत ढकलत राहतात. गाठी झाल्या, तर मात्र त्या बसतात.

इंकजेटचं छिद्र, म्हणजे नोझल, २० मायक्रोमीटरच्या आसपास असतं. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० ते ८० मायक्रोमीटर जाड असतो. कण छिद्राच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागाहून लहान असावा, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. एक-दोन गाठी आल्या तरी नोझल तुंबतं. म्हणून शाई आधी बारीक गाळणीतून गाळतात. शिवाय ती नोझलच्या तोंडाशी वाळू नये, म्हणून सावकाश उडणारा द्रव तिच्यात मिसळतात.

चिकटपणाही नेमका लागतो. बऱ्याच प्रिंटहेडना पाण्याच्या दहापटीच्या आसपास चिकटपणा मानवतो. शाई फार पातळ असेल तर मुख्य थेंबामागे लहान थेंबांची शेपटी सुटते आणि रेघेच्या कडेला शिंतोडे पडतात. फार घट्ट असेल तर थेंब सुटतच नाही.

## थेंब सुटतो कसा?

पाकिटांवर तारीख लिहिणाऱ्या यंत्रात थेंबांची धार अखंड चालू असते. सर्किट छापायला वेगळी जात वापरतात: लागेल तेव्हाच एक थेंब. यात नोझलमागे पिझो सिरॅमिकचा तुकडा असतो. पिझो म्हणजे असा पदार्थ, की त्याला वीज दिली तर त्याचा आकार किंचित बदलतो. हा गुण फ्रान्सच्या क्युरी बंधूंच्या १८८० मधल्या शोधातून पुढे आला. विजेचा झटका क्षणभर दिला की तो तुकडा वाकतो, शाईच्या कप्प्यात दाबाची लाट उठते आणि छिद्रातून थेंब बाहेर पडतो. घरच्या काही प्रिंटरमध्ये हे काम उष्णता करते: शाईत क्षणभर वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि तो थेंबाला ढकलतो. धातूच्या शाईसाठी सहसा पिझोची रीत निवडतात, कारण तिच्यात शाई तापवावी लागत नाही.

एका थेंबाचं आकारमान साधारण १० पिकोलिटर. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचे एकावर बारा शून्यं इतके भाग करून त्यातला एक. असा थेंब हवेत सुमारे २७ मायक्रोमीटर व्यासाचा गोळा असतो आणि सेकंदाला पाच ते दहा मीटर वेगाने जातो. दर सेकंदाला हजारो थेंब सोडता येतात.

## थेंबांची रेघ आणि चहाचा डाग

पडलेला थेंब पसरतो. २७ मायक्रोमीटरच्या गोळ्याचा प्लास्टिकवर ५० मायक्रोमीटरच्या आसपास ठिपका होतो. म्हणून रेघ किती बारीक निघेल हे थेंबाइतकंच पृष्ठभागावर अवलंबून असतं. पृष्ठभाग शाईला जास्त ओढणारा असेल तर रेघ फुगते. शाईला दूर लोटणारा असेल तर तुटून मणी होतात. थेंबांमधलं अंतरही जपावं लागतं. ते जास्त झालं तर ठिपके सुटे राहतात, थोडं कमी झालं तर रेघेची कड नागमोडी येते आणि फारच कमी झालं तर जागोजाग फुगे येतात. सरळ, एकसारख्या कडेची रेघ या सगळ्यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात मिळते.

त्यानंतर वाळण्याचा प्रश्न येतो. चहाचा थेंब ओट्यावर वाळला की मध्ये फिका आणि कडेला गडद डाग उरतो. १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी कॉफीच्या डागावरून याचं कारण दाखवून दिलं. थेंबाची कड पृष्ठभागाला घट्ट धरलेली असते आणि तिथून पाणी सगळ्यात लवकर उडतं. ती तूट भरायला मधला द्रव कडेकडे वाहतो आणि सोबत कणही नेतो. चांदीच्या रेघेत असं झालं तर कडेला चांदीची भिंत आणि मध्ये जवळजवळ रिकामी जागा राहते. वीज नीट वाहत नाही. उपाय म्हणून शाईत दोन द्रव मिसळतात, एक लवकर उडणारा आणि एक सावकाश उडणारा. कडेला त्यांचं प्रमाण बदललं की पृष्ठताण बदलतो आणि द्रव मध्याकडे परत ओढला जातो. कण सगळीकडे सारखे बसतात.

## शेवटची पायरी: आवरण काढायचं, कण जोडायचे

वाळलेली रेघ अजून वीज वाहत नाही. आता सिंटरिंग. त्याच्या मुख्य रीती तीन आहेत.

पहिली साधी, ओव्हनची. १२० ते २०० अंशांना दहा-वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत. आवरण सैल होऊन निघतं, कण जुळतात. पिवळट पॉलिइमाइड प्लास्टिक तीनशे अंशांपुढेही टिकतं, त्यामुळे त्याला काहीच होत नाही. पाण्याच्या बाटलीचं पीईटी प्लास्टिक मात्र ७०-८० अंशांपासूनच मऊ होऊ लागतं. त्याची खास ताणून स्थिर केलेली फिल्म थोडं अधिक सोसते, पण ओव्हनचा पारा जपूनच चढवावा लागतो.

दुसरी रीत प्रकाशाची. झेनॉनच्या दिव्याचा एक प्रखर लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता सोडतात. गडद रेघ प्रकाश शोषून तापते. पारदर्शक प्लास्टिक बहुतेक प्रकाश जाऊ देतं. उष्णता खाली झिरपायच्या आत रेघ जुळलेली असते. या रीतीने कमी ताप सोसणाऱ्या प्लास्टिकवरही छापता येतं.

तिसरी रीत मला सगळ्यांत सुंदर वाटते, कारण तिच्यात तापवावंच लागत नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात श्लोमो मॅगडासी यांच्या गटाने २०१० च्या सुमारास दाखवलं, की क्लोराइड आयन चांदीवरचं आवरण बाजूला सारतात. मग त्यांनी शाईतच थोडं मीठ, आपलं रोजचं सोडियम क्लोराइड, मिसळून पाहिलं. शाई ओली असताना मिठाचं प्रमाण इतकं कमी, की कणांना काही होत नाही. रेघ वाळू लागली की पाणी उडतं, मीठ दाट होत जातं, ठरावीक मर्यादेपलीकडे आवरण सुटतं आणि कण आपोआप जुळतात. अशा रेघेची वाहकता शुद्ध चांदीच्या सुमारे ४० टक्के भरली, तीही खोलीच्या तापमानाला. आवरण कधी राहायचं आणि कधी जायचं याची वेळ वाळण्याच्या क्रियेवरच सोपवलेली आहे.

अशाच रासायनिक युक्तीच्या आधारावर टोकियो विद्यापीठाचे योशिहिरो कावाहारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये बाजारात मिळणाऱ्या साध्या घरगुती प्रिंटरमध्ये चांदीची शाई भरून खास कागदावर सर्किटं छापून दाखवली. कागद प्रिंटरमधून बाहेर आल्यावर काही क्षणांतच रेघा वीज वाहू लागत होत्या.

निकाल कितपत चांगला लागतो, ते एका हिशेबाने कळेल. १०० मायक्रोमीटर रुंद, अर्धा मायक्रोमीटर जाड आणि एक सेंटिमीटर लांब रेघ घ्या. ती ठोस चांदीची असती तर तिचा विरोध सुमारे ३.२ ओहम भरला असता. छापलेल्या रेघेत बारीक पोकळ्या आणि आवरणाचे अवशेष उरतात. तिचा विरोध तिप्पट धरला तरी तो दहा ओहमच्या आसपास राहतो. अँटेना, सेन्सर, छोटी सर्किटं यांना एवढं पुरतं. जास्त प्रवाह न्यायचा तर त्याच रेघेवर पुन्हा पुन्हा थर छापतात.

## थोडक्यात

• कण: चांदीचे २० ते ५० नॅनोमीटरचे कण, प्रत्येकावर आवरण, नाहीतर बाटलीतच गाठी.
• शाई: पाण्याच्या दहापटीच्या आसपास चिकट, गाळलेली, नोझलशी न वाळणारी.
• थेंब: पिझोच्या झटक्याने १० पिकोलिटरचा एकेक थेंब, हवा तिथेच.
• वाळणं: दोन द्रवांचं मिश्रण, म्हणजे चांदी कडेला न जाता सारखी पसरते.
• सिंटरिंग: उष्णता, प्रकाश किंवा मीठ वापरून आवरण काढायचं, कण न वितळता जुळतात.

## शेतमालाच्या बाजाराला याचं काय?

टोलनाक्यावरचा फास्टॅग आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. फेब्रुवारी २०२१ पासून तो बंधनकारक झाला. त्या स्टिकरमध्ये बॅटरी नसते. आत एक चिमुकली चिप आणि धातूचा पातळ अँटेना असतो. नाक्यावरचं यंत्र ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी सोडतं. अँटेना त्यातलीच ऊर्जा घेऊन चिपला जागवतो आणि चिप आपला क्रमांक कळवते. या जातीच्या टॅगना आरएफआयडी म्हणतात. आंब्याच्या पेटीला किंवा भाजीच्या क्रेटला असा टॅग असेल, तर माल कुठल्या बागेतून निघाला, कधी उतरला, कुठल्या गाळ्यावर गेला, हे पेटी न उघडता नोंदवता येतं.

अडचण फळाच्याच पोटात आहे. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषून घेतं. शिवाय ते जवळ असलं की अँटेनाची जुळणीही बिघडते. गुळाच्या ढेपेवर किंवा डाळीच्या पोत्यावर चालणारा अँटेना कलिंगडाच्या क्रेटवर मुका होऊ शकतो. मालागणिक अँटेनाचा आकार बदलून, प्रत्यक्ष मालावर लावून, पुन्हा बदलून पाहावा लागतो. इथे इंकजेट उपयोगी पडतो. कोट्यवधी एकसारखे टॅग करायचे असतील तर ॲल्युमिनियमच्या एचिंगसारख्या जुन्या रीतीच स्वस्त पडतात. दहा वेगवेगळ्या मालांसाठी दहा नमुने करून त्यातला योग्य शोधायचा असेल, तर जाळी न लागणारी छपाई एका दिवसात ते करू शकते.

या छपाईसाठी लागणाऱ्या ज्ञानाचे धागे आपल्याकडे आहेत. १९९० मध्ये स्थापन झालेल्या सी-मेट या केंद्र सरकारी संस्थेची पुण्यातली प्रयोगशाळा इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या पेस्ट आणि सिरॅमिक पदार्थांवर काम करते. एनसीएलमधल्या नॅनोकणांच्या कामाबद्दल वर आलंच आहे. आयआयटी कानपूरमध्ये वाकणाऱ्या, छापील इलेक्ट्रॉनिक्ससाठी राष्ट्रीय केंद्र उभं आहे.

सोबत एक सावधगिरी हवी. चांदीचे आयन जिवाणूंना मारतात. जखमेच्या मलमात त्यांचा उपयोग होतो तो त्यासाठीच. पण खराब झालेल्या भाजीपाल्याचं खत आणि बायोगॅस करणारे जिवाणूही त्याच तडाख्यात सापडू शकतात. म्हणून टॅग लावताना तो परत कसा काढायचा आणि त्यातली चांदी परत कशी मिळवायची, हे पहिल्याच आराखड्यात ठरायला हवं. टॅग फळाला किंवा पुठ्ठ्याला न चिकटवता पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या क्रेटवर लावणं, हा त्यातला एक सोपा मार्ग.

## पुढचं काम

या साऱ्या तंत्रात छपाईचं यंत्र कदाचित सर्वांत सोपं आहे. ते विकत मिळतं. कठीण आहे तो पदार्थ: वाहताना द्रवासारखा आणि पडल्यावर धातूसारखा वागणारा. ती किमया कणाच्या आवरणात आहे, आणि आवरण हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे. महाराष्ट्रातल्या रसायनशास्त्राच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागांनी एकत्र बसून यावर प्रकल्प द्यायला हवेत, कारण एकाकडे शाई आहे आणि दुसऱ्याकडे अँटेना. कलिंगडाच्या, कांद्याच्या किंवा द्राक्षाच्या क्रेटवर चालणारा टॅग परदेशातल्या आराखड्यातून तयार मिळणार नाही. आपल्या मालाचं मोजमाप आपल्यालाच घ्यावं लागेल, आणि त्यासाठी लागणारी साधनं आता कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात आली आहेत.